विलायतेची शिष्यवृत्ती आणि तिच्या अटी

परदेशात उच्च शिक्षण घेण्यासाठी होतकरू विद्यार्थ्याला ठरावीक मुदतीपर्यंत, ठरावीक रकमेची आणि ठरावीक अटींवर मदत देण्याची पद्धत पश्चिम भारतात १८६० नंतर रुळू लागली. तिच्यामागे निरनिराळे हात होते. कापसाच्या व्यापारात गबर झालेले शेटिये होते, इंग्रज सरकार होते, मिशनरी आणि उदार धर्मपंथ होते, संस्थानिक होते, उद्योगपतींचे न्यास होते आणि क्रांतिकारकही होते. स्वातंत्र्यानंतर केंद्र व राज्य सरकारे आणि परकीय सरकारे त्यांच्या जागी आली. पैसा देणारा बदलला की अर्जाची रीत बदलली आणि अटही बदलली. कोणाला विद्यार्थी सरकारी नोकरीत हवा होता, तर कोणाला तो त्या नोकरीपासून दूर हवा होता. कोणी रक्कम परत मागितली, कोणी माणूसच परत मागितला. त्यामुळे शिष्यवृत्तीची अट वाचली की देणाऱ्याला शिकलेल्या माणसाकडून काय हवे होते ते कळते.

शेटियांचा पैसा

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीतून शहरात पैशाचा पूर लोटला. सर जमशेटजी जीजीभाई यांचे पुत्र रुस्तमजी यांनी या काळात हिंदी तरुणांना बॅरिस्टरीसाठी इंग्लंडला पाठवण्याकरता दीड लाख रुपये देऊ केले. मुंबईबरोबरच इतर इलाख्यांतील तरुणांनाही त्याचा लाभ मिळायचा होता. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी आपला विद्यार्थी फिरोजशहा मेहता याचे नाव सुचवले. कलकत्त्याहून याच मदतीवर १८६४ मध्ये उमेशचंद्र बॅनर्जी लंडनला गेले.

तेव्हा छापील अर्ज नव्हता, परीक्षा नव्हती आणि निवड समितीही नव्हती. प्राचार्याचा शब्द आणि शेटजींची मर्जी यांवर सारे ठरत असे. अट व्यवसायापुरती होती: विद्यार्थ्याने कायदाच शिकायचा. या पद्धतीचे दुबळेपण लगेच उघडे पडले. १८६५ मध्ये युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला आणि त्यात रुस्तमजींची संपत्तीही गेली. शिष्यवृत्तीचा ओघ आटला. मेहतांनी तरीही अभ्यास पुरा केला आणि १८६८ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले. पुढे १८८५ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष बॅनर्जी झाले, तर १८९० च्या कलकत्ता अधिवेशनाचे अध्यक्ष मेहता. एका शेटियाच्या थोड्याच काळ टिकलेल्या दानातून काँग्रेसला दोन अध्यक्ष मिळाले.

मुंबई विद्यापीठाकडे सर मंगलदास नथुभाई यांच्या देणगीतून परदेश प्रवासाची शिष्यवृत्ती आली, तीही विद्यापीठाच्या आरंभीच्या दशकांतच. ही देणगी विद्यापीठाच्या हाती असल्याने ती दात्याच्या चढउतारांपासून सुरक्षित राहिली. दाता एक आणि निवड करणारा दुसरा, ही व्यवस्था इथून पुढे घट्ट होत गेली.

परीक्षा आणि नामनियुक्ती

व्हाइसरॉय सर जॉन लॉरेन्स यांनी १८६८ मध्ये दरसाल दोनशे पौंडांच्या नऊ सरकारी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. हिंदी तरुणांनी इंग्लंडमध्ये शिकून वरच्या सरकारी जागांसाठी तयार व्हावे, हा हेतू होता. मात्र भारतमंत्री ड्यूक ऑफ अर्गाइल यांनी ही योजना लवकरच बंद केली. त्याच सुमारास गिलख्रिस्ट न्यासाची शिष्यवृत्ती सुरू झाली. हिंदुस्थानी भाषेचे अभ्यासक जॉन बोर्थविक गिलख्रिस्ट यांच्या मृत्युपत्रातील पैशातून हा न्यास उभा राहिला होता. त्याच्या शिष्यवृत्तीसाठी लंडन विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या दर्जाची परीक्षा द्यावी लागे. इंग्रजी येणे पुरेसे नव्हते. लॅटिन, ग्रीक किंवा संस्कृत यांपैकी एक अभिजात भाषा आणि त्याखेरीज फ्रेंच किंवा जर्मनसारखी एक युरोपीय भाषा लागे. कॉलेजात न शिकवलेल्या भाषा घरी बसून शिकण्याची ऐपत आणि चिकाटी ज्याच्याकडे होती, तोच या परीक्षेला बसू शके. १८८२ मध्ये ही शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला गेलेले प्रफुल्लचंद्र रॉय पुढे रसायनशास्त्रज्ञ म्हणून गाजले. त्या वर्षी निवडलेला दुसरा विद्यार्थी मुंबईचा बहादुरजी नावाचा पारशी तरुण होता.

मुंबईतून जाणाऱ्यांत पारशी अधिक असण्याला एक सामाजिक कारण होते. समुद्र ओलांडणाऱ्या हिंदूला परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागे, नाही तर ज्ञातीचा बहिष्कार सोसावा लागे. शिष्यवृत्तीत तिकीट, फी आणि राहण्याचा खर्च बसे. पंक्तीतली जागा परत मिळवून देणे तिच्या हातात नव्हते. उच्चवर्णीय हिंदू घरांत अर्ज करण्याआधीच निम्मा वाद इथे अडे.

१८८६ मध्ये सरकारने पुन्हा शिष्यवृत्त्या सुरू केल्या. दरवर्षी दोन, प्रत्येकी दोनशे पौंडांच्या. विद्यापीठांनी पाळीपाळीने आपला सर्वोत्तम पदवीधर निवडून पाठवायचा होता. या शिष्यवृत्तीचे महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेले मानकरी म्हणजे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. कोकणातील मुर्डी गावचा आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या नात्यातला हा मुलगा १८९६ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला. १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत तो बरोबरीने पहिला आला आणि ‘सीनियर रँग्लर’ ठरला. त्याआधी हा मान कोणाही हिंदी विद्यार्थ्याला मिळाला नव्हता. मराठी घरांत ‘रँग्लर’ हा शब्द परांजप्यांच्या नावाला कायमचा चिकटला.

या शिष्यवृत्तीतून सरकारला जे हवे होते, ते मात्र परांजप्यांकडून मिळाले नाही. निघण्यापूर्वीच त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला शब्द दिला होता. सोसायटीचा आजीव सदस्य वीस वर्षे तुटपुंज्या पगारावर काम करण्याची शपथ घेत असे. केंब्रिजच्या यशानंतर परांजप्यांसमोर मोठ्या सरकारी जागा होत्या. ते त्या वाटेला न जाता सोसायटीच्या फर्ग्युसन कॉलेजात रुजू झाले आणि १९०२ मध्ये त्याचे प्राचार्य झाले. सरकारचा पैसा आणि पुण्याची अट, अशी ही जोडी होती.

स्त्रिया आणि नियमातील भिंत

सरकारी नियमांतली सर्वांत मोठी अट कागदावर लिहिलेली नव्हती, ती गृहीत धरलेली होती. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी तो अनुभव घेतला. मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. अंतिम परीक्षेत त्या इलाख्यात अग्रस्थानी होत्या, त्यामुळे इंग्लंडची सरकारी शिष्यवृत्ती गुणांवर त्यांचीच होती. ही शिष्यवृत्ती स्त्रियांसाठी नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. हा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला, पण नियम बदलला नाही. मग लेडी हॉबहाउस यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये वर्गणी गोळा झाली. वर्गणीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. त्या पैशावर सोराबजी १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या आणि १८९२ मध्ये त्यांनी बीसीएल या कायद्याच्या पदवीची परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवी देत नव्हते, त्यामुळे पदवी हातात पडायला १९२२ साल उजाडावे लागले.

आनंदीबाई जोशी यांचा प्रवास याच्याही आधीचा. कोल्हापूरला टपाल खात्यात असताना गोपाळराव जोशी यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्याला पत्र लिहिले. पत्नीला अमेरिकेत शिकवायचे आहे आणि स्वतःला तिथे काही काम मिळावे, अशी त्यांची विनंती होती. उत्तरात ख्रिस्ती होण्याचे सुचवण्यात आले. वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर या बाई एका दंतवैद्याकडे बसल्या असताना तो त्यांच्या वाचनात आला आणि त्यांनी आनंदीबाईंना थेट पत्र घातले. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. धर्मांतराची अट नाकारलेला एक अर्ज अशा आडवाटेने मार्गी लागला. पंडिता रमाबाई यांनीही १८८३ मध्येच इंग्लंडची वाट धरली. त्यांच्या प्रवासाचा खर्च बऱ्याच अंशी त्यांच्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून निघाला.

कर्जाऊ शिष्यवृत्ती

जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये सुरू केलेल्या निधीने एक नवा विचार आणला. रक्कम दान म्हणून न देता कर्ज म्हणून द्यायची, विद्यार्थ्याने कमावता झाल्यावर ती फेडायची आणि तोच पैसा पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी यायचा. आरंभी हा निधी पारशी विद्यार्थ्यांपुरता होता. लवकरच तो सर्व हिंदी विद्यार्थ्यांना खुला झाला. पहिल्या मानकऱ्यांत वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या फ्रेनी कामा होत्या. सरकार ज्या काळात स्त्रियांना शिष्यवृत्ती नाकारत होते, त्याच काळात हे घडले.

टाटांच्या पद्धतीत विद्यार्थ्यावर नोकरीचे बंधन नव्हते, हिशेबाचे होते. फेड न झाल्यास कोणीतरी जामीन राहावा लागे. जामीनदाराची सही हा अर्जाचा तेव्हापासूनचा अवघड भाग आहे. मध्यमवर्गीय घरातला मुलगा असेल तर मामा, काका किंवा वडिलांचा एखादा स्नेही सही करी. ज्याच्या नात्यागोत्यात मालमत्ताच नाही त्याला हा एक रकाना ओलांडता येत नसे. या निधीने दीर्घ काळात अनेक क्षेत्रांतील माणसे घडवली. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन, अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा आणि कोल्हापूरला जन्मलेले, १९५७ मध्ये केंब्रिजला गेलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर ही त्यांतली ठळक नावे.

सरकारनेही १९०४ पासून तांत्रिक शिक्षणासाठी दरसाल दीडशे पौंडांच्या शिष्यवृत्त्या सुरू केल्या. खाणकाम, कापडनिर्मिती, चामडे कमावणे असे विषय त्यांत होते. अडचण शिकताना येई. इंग्लंडच्या कॉलेजात पुस्तकी ज्ञान मिळे, पण आपला व्यवहार परक्याला दिसू नये म्हणून कारखानदार हिंदी विद्यार्थ्याला कारखान्यात शिरू देण्यास नाखूश असत. परतल्यावर ते शिक्षण वापरायला देशात कारखाने थोडे होते. शिष्यवृत्ती मिळाली तरी तिचा उपयोग कुठे करायचा, हा प्रश्न त्यामुळे स्वदेशी चळवळीच्या काळात वारंवार चर्चेत येत राहिला.

धर्मप्रचारक आणि क्रांतिकारक

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पाच-सहा वर्षांत महाराष्ट्रातील दोन तरुण अगदी विरुद्ध अटींवर इंग्लंडला गेले. विठ्ठल रामजी शिंदे यांना १९०१ मध्ये युनिटेरियन पंथाची वर्षाला शंभर पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली. उदार धर्माच्या प्रचाराला वाहून घेणाऱ्या तरुणासाठी ती होती. अमेरिकी युनिटेरियन धर्मोपदेशक जे. टी. सदरलंड यांच्या शिफारशीमुळे शिंद्यांचे काम झाले आणि प्रवासखर्चाला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांची मदत झाली. ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी तौलनिक धर्मशास्त्राबरोबर पालीचाही अभ्यास केला. १९०३ मध्ये परतल्यावर ते प्रार्थना समाजाच्या प्रचारकार्याला लागले आणि १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. देणाऱ्याची अट त्यांनी पाळली आणि तिचा अर्थही रुंदावला.

दुसरे विनायक दामोदर सावरकर. श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ मध्ये लंडनच्या हायगेट भागात इंडिया हाउस सुरू केले आणि हिंदी पदवीधरांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. पॅरिसमधील मोत्यांचे व्यापारी सरदारसिंह राणा यांनी त्यांत प्रत्येकी दोन हजार रुपयांच्या आणखी तीन शिष्यवृत्त्यांची भर घातली. त्यांना राणा प्रताप, शिवाजी आणि अकबर यांची नावे दिली होती. या योजनेची मुख्य अट सरकारी शिष्यवृत्तीच्या नेमकी उलट होती: लाभ घेणाऱ्याने ब्रिटिश सरकारची नोकरी, हुद्दा किंवा मानधन कधीही स्वीकारायचे नाही. लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने सावरकरांना शिवाजी शिष्यवृत्ती मिळाली आणि जून १९०६ मध्ये ते मुंबईहून बोटीने निघाले. ग्रेज इनमध्ये त्यांनी बॅरिस्टरीचा अभ्यास पुरा केला, पण त्यांच्या राजकीय हालचालींमुळे त्या संस्थेने त्यांना सनद नाकारली.

सरकारला या घडामोडींची चिंता वाटू लागली होती. विलायतेतील हिंदी विद्यार्थ्यांच्या चौकशीसाठी १९०७ मध्ये सर विल्यम ली-वॉर्नर यांची समिती नेमली गेली. तिच्या अहवालानंतर १९०९ मध्ये लंडनला विद्यार्थ्यांसाठी माहिती कार्यालय उघडले आणि टी. डब्ल्यू. आर्नल्ड यांना शैक्षणिक सल्लागार नेमले. प्रवेशासाठी सल्ला आणि ओळखपत्र देणारे हे कार्यालय होते. विद्यार्थ्यांवर नजर ठेवण्याचे काम तिथून चालते, असा हिंदी विद्यार्थ्यांचा समज होता. अर्जदाराच्या चारित्र्याची आणि घराण्याची चौकशी हा अर्जाचा नेहमीचा भाग या काळात झाला.

बडोद्याचा करारनामा

संस्थानिकांच्या शिष्यवृत्त्यांची परंपरा वेगळी होती. तिथे अर्ज म्हणजे महाराजांपुढे मांडलेली विनंती. हैदराबादच्या निजामाने १८९५ मध्ये सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, यांना इंग्लंडला पाठवले. मात्र या परंपरेतील सर्वांत दूरगामी निर्णय सयाजीरावांचा ठरला.

भीमराव आंबेडकर यांना एल्फिन्स्टन कॉलेजात असताना सयाजीरावांकडून दरमहा पंचवीस रुपये मिळत होते. १९१३ मध्ये बडोदे संस्थान काही विद्यार्थ्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठवणार असल्याचे कळल्यावर त्यांनी मुंबईत महाराजांची भेट घेतली. निवड झाली आणि ४ जून १९१३ रोजी करारनाम्यावर सह्या झाल्या. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, नेमून दिलेला अभ्यास; आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी.

जुलै १९१३ मध्ये आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले. १९१५ मध्ये एमए झाले. मुदत संपत आल्यावर त्यांनी वाढ मागितली आणि १९१६ च्या ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. त्याच वेळी ग्रेज इनमध्येही प्रवेश घेतला. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि करारानुसार त्यांना परत बोलावण्यात आले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत लंडन विद्यापीठाकडून मिळवूनच ते निघाले.

करारातील नोकरीच्या अटीने बडोद्यात काय रूप घेतले, हे आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे. महाराजांच्या लष्करी सचिवाच्या हुद्द्यावर आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला जागा मिळेना. ओळख लपवून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सुटले. कुठेही आसरा न मिळाल्याने गाडीच्या वेळेपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्री मुंबईला परतले. दहा वर्षांच्या सेवेचा करार करणाऱ्या संस्थानाला त्या सेवेसाठी एक खोली देता आली नाही. पुढे संस्थानाने खर्चाची रक्कम परत मागितली आणि त्यावर वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालला.

१९२० मध्ये आंबेडकर पुन्हा लंडनला गेले तेव्हा कोणताही करारनामा नव्हता. सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या पगारातली शिल्लक, नवल भाथेना या पारशी मित्राने दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत एवढ्यावर त्यांनी उरलेला अभ्यास पुरा केला. १९२३ मध्ये त्यांना डीएससी मिळाली. कोलंबियाच्या पीएचडीचा प्रबंध १९२५ मध्ये पुस्तकरूपाने निघाला तेव्हा शिक्षणातील मदतीची कृतज्ञता म्हणून तो त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला.

दोन महायुद्धांच्या मध्ये

या काळात स्त्रियांना वाटा मिळाल्या, पण त्या तुकड्यातुकड्यांनी. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची बार्बर शिष्यवृत्ती १९१७ पासून आशियाई स्त्रियांसाठी होती. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ तिच्यावर शिकल्या. मेहेरबाई टाटा यांच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी न्यास निघाला. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या त्या शिष्यवृत्तीवर नव्हे, तर जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जावर. सासरे धोंडो केशव कर्वे यांचा या प्रवासाला विरोध होता. स्त्रीशिक्षणाला आयुष्य वाहिलेल्या घरातही परदेशी शिक्षणाचा खर्च आणि धोका वेगळ्या तराजूत तोलला जात होता. १९३० मध्ये त्या मानववंशशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन परतल्या.

कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, यांना मुंबई विद्यापीठाच्या स्प्रिंगर आणि मंगलदास नथुभाई या दोन शिष्यवृत्त्या मिळाल्या. जुन्या शेटियाच्या देणगीवर त्या केंब्रिजला पोहोचल्या आणि वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी या द्रव्यावरील संशोधनासाठी १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

राज्याची जबाबदारी

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना डॉ. आंबेडकरांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. विज्ञान व तंत्रज्ञानाचे शिक्षण महाग असल्याने ते सरकारी मदतीशिवाय या समाजांना मिळणार नाही आणि परदेशी शिक्षणासाठीही तरतूद हवी, ही त्यांची मागणी होती. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपयांची शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. महाराजांच्या मर्जीवर मिळालेली मदत आता अर्थसंकल्पातील तरतूद झाली. १९५४-५५ मध्ये केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजना आली ती याच वळणावर.

परकीय सरकारांच्या योजनाही याच दशकांतल्या. अमेरिकेने युद्धातील उरलेल्या मालाच्या विक्रीचा पैसा शैक्षणिक देवाणघेवाणीला लावण्याचा कायदा १९४६ मध्ये केला. त्यानुसार २ फेब्रुवारी १९५० रोजी पंतप्रधान नेहरू आणि राजदूत लॉय हेंडरसन यांनी करारावर सह्या केल्या आणि फुलब्राइट शिष्यवृत्त्या भारतात सुरू झाल्या. २००८ मध्ये दोन्ही सरकारांनी खर्च वाटून घेतला आणि नाव ‘फुलब्राइट-नेहरू’ झाले. राष्ट्रकुलाची शिष्यवृत्ती योजना १९५९ मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत ठरली. ऱ्होड्स शिष्यवृत्ती भारतीयांना १९४७ पासून आणि स्त्रियांना १९७७ पासून खुली झाली. ब्रिटनची चीव्हनिंग योजना १९८३ ची. मुंबईत के. सी. महिंद्रा न्यासाने १९५६ पासून टाटांच्याच धर्तीवर बिनव्याजी कर्जाऊ शिष्यवृत्ती देण्यास प्रारंभ केला.

पैसा असूनही परकीय चलन मिळत नसे, ही स्वातंत्र्यानंतरच्या दशकांतली नवी अडचण. रुपयांत फी भरता येत नव्हती आणि डॉलरसाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात विद्यार्थी खिशात जेमतेम आठ डॉलर घेऊन विमानात बसत. म्हणून अमेरिकी विद्यापीठाची असिस्टंटशिप हीच खरी शिष्यवृत्ती ठरली. प्राध्यापकाच्या हाताखाली शिकवण्याचे किंवा प्रयोगशाळेचे काम करायचे आणि त्या बदल्यात फी माफी व मासिक वेतन घ्यायचे. तिला परतण्याची अट नव्हती. १९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने तिथे राहण्याची वाट मोकळी केल्यावर मुंबई-पुण्याचे अनेक अभियंते याच मार्गाने गेले आणि तिथेच स्थिरावले.

अर्ज तेव्हा टपालाने चाले. विद्यापीठाला पत्र लिहून फॉर्म मागवायचा, तो टंकलिखित करायचा, विद्यापीठ कचेरीतून गुणपत्रकाची मोहोरबंद प्रत काढायची, तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रे बंद पाकिटांत घ्यायची. अर्जाची फी डॉलरमध्ये असल्याने ती माफ करण्याची विनंतीही बहुतेक जण जोडत. इंग्रजीची टोफेल आणि पदव्युत्तर प्रवेशाची जीआरई या परीक्षांनी गिलख्रिस्टच्या लॅटिनची जागा घेतली.

आजच्या अटी

महाराष्ट्र शासनाने २००३ मध्ये अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती सुरू केली. पुण्याच्या समाज कल्याण आयुक्तालयामार्फत ती राबवली जाते आणि दरवर्षी ७५ विद्यार्थी निवडले जातात. पदव्युत्तर अभ्यासासाठी वयोमर्यादा ३५, पीएचडीसाठी ४०. २०१८ मध्ये इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी आणि खुल्या प्रवर्गासाठीही राज्याने अशा योजना आणल्या.

या अर्जांत गुणांइतकेच कागद मोजले जातात. विद्यापीठाचे विनाअट प्रवेशपत्र, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जामीनदारांची हमीपत्रे, नोटरीची मोहोर, पासपोर्ट आणि व्हिसा. विद्यापीठाची फी भरण्याची तारीख आणि सरकारी निवडयादी लागण्याची तारीख जुळत नाही, तेव्हा विद्यार्थ्याला जागा राखून ठेवण्यासाठी अनामत रक्कम स्वतः उभी करावी लागते. शिष्यवृत्ती ज्याच्यासाठी असते, त्यालाच ही रक्कम सर्वांत जड जाते.

केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत, त्यांतील ११५ अनुसूचित जातींसाठी. पदवीला ६० टक्के गुण, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आणि वय ३५ वर्षांपर्यंत, अशा मुख्य अटी आहेत. निर्वाहासाठी अमेरिकेत वर्षाला १५,४०० डॉलर आणि ब्रिटनमध्ये ९,९०० पौंड मिळतात. २०२२ च्या नियमावलीत एक नवी अट आली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातील सामाजिक अभ्यास या विषयांवरील संशोधनासाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. कोलंबियात १९१६ मध्ये जातिसंस्थेवर निबंध वाचणाऱ्या आंबेडकरांचा दाखला देत अनेक अभ्यासकांनी या अटीवर टीका केली.

परकीय योजनांनी परतण्याची अट राखली आहे. फुलब्राइट आणि चीव्हनिंग या दोन्हींच्या मानकऱ्यांना शिक्षणानंतर किमान दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. चीव्हनिंगच्या अर्जात दोन वर्षांच्या कामाचा अनुभव आणि नेतृत्वगुणांवरचा निबंध मागतात. बडोद्याने दहा वर्षांची सेवा मागितली होती, श्यामजींनी जन्मभराचा नकार आणि टाटांनी मुद्दल. आजचे दाते वर्षे, विषय आणि विद्यापीठाचा जागतिक क्रमवारीतील क्रमांक मोजतात. अर्जदाराने पहिला रकाना भरण्याआधी वाचायचे ते अटींचे कलमच, कारण शिक्षणाचा खर्च कोण करतो याइतकेच त्या शिक्षणाचे पुढे काय व्हावे असे त्याला वाटते, हे तिथे लिहिलेले असते.